अमलची खिडकी उघडणारा डॉक्टर

१८ जुलै १९४२ रोजी, शनिवारी दुपारी, वॉर्सा शहरातील ज्यूंच्या घेट्टोमध्ये एका अनाथालयातील मुलांनी रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘डाकघर’ या नाटकाचा प्रयोग केला. शहराच्या त्या तुकड्याभोवती जर्मन अधिकाऱ्यांनी भिंत उभी केली होती आणि चार लाखांच्या आसपास माणसे तीत कोंबली होती. रस्त्यांवर भुकेने मेलेल्यांची प्रेते रोज उचलावी लागत. नाटकाच्या आदल्या रात्री खाण्यातून विषबाधा होऊन अनाथालयातील कितीतरी मुले उलट्यांनी हैराण झाली होती. तरीही प्रयोग ठरल्या दिवशी झाला. निमंत्रणपत्रिका निघाल्या होत्या, प्रेक्षक आले होते, एका तरुण स्वयंसेविकेने मुलांकडून तालमी करून घेतल्या होत्या. रवींद्रनाथांना जाऊन तेव्हा वर्षही झालेले नव्हते.

नाटकाचा विषय आपल्याकडील वाचकांस परिचित आहे. अमल हा दत्तक घेतलेला मुलगा. त्याचा आजार बरा होण्यासारखा नाही. वैद्याने त्याला बाहेर जाण्यास बंदी केली आहे. शरदाचे ऊन आणि वारा त्याला बाधेल अशी वैद्याची समजूत. अमल खिडकीशी बसतो आणि रस्त्याने जाणाऱ्या दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधेशी बोलतो. समोर राजाचे नवे डाकघर झाले आहे. तेथून आपल्या नावाचे पत्र येईल याची तो वाट पाहतो. शेवटी राजवैद्य येतो. तो काय करतो? घराची सारी दारे-खिडक्या उघडायला सांगतो. आणि अमल झोपी जातो.

अनाथालयाचे प्रमुख डॉक्टर यानुश कॉर्चाक यांनी मुलांसाठी हेच नाटक का निवडले, असे त्यांना विचारण्यात आले होते. मुलांनी मृत्यूला न घाबरता सामोरे जाण्यास शिकले पाहिजे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. प्रयोगानंतर तीन आठवडे उलटण्याच्या आत ती सर्व मुले, त्यांच्या शिक्षिका आणि स्वतः डॉक्टर ट्रेब्लिंका येथील विषारी वायूच्या कोठ्यांत मारले गेले.

कॉर्चाक यांचे नाव जगाला ठाऊक झाले ते या शेवटामुळे. सुटकेची संधी असताना ती नाकारून मुलांबरोबर गेलेला माणूस, ही त्यांची प्रतिमा आता पक्की झालेली आहे. ती खोटी नाही, पण तिने एक अन्याय मात्र केला आहे. या अखेरच्या दिवसामागे मुलांची शुश्रूषा आणि संगोपन करणाऱ्या माणसांना त्या कामासाठी रीतसर तयार करण्याची तीस वर्षांची खटपट होती. ती या हौतात्म्याच्या प्रकाशात दिसेनाशी होते. जे मूल बरे होणार नाही, फार दिवस जगणार नाही, त्याच्याजवळ कोणी बसावे आणि कसे बसावे, हा प्रश्न सद्‍भावनेवर सोडून देण्यासारखा नाही, हे ज्यांनी फार लवकर ओळखले त्यांत कॉर्चाक यांची गणना करावी लागेल.

पोलंड हा देश मराठी माणसाला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात रशियातून बाहेर पडलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी आश्रय मिळाला होता. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता. परंतु कॉर्चाक जन्मले तेव्हा पोलंड हे राष्ट्रच नकाशावर नव्हते. वॉर्सा रशियन झारच्या अमलाखाली होते. त्यांचे खरे नाव हेन्रिक गोल्डश्मिट. जन्म २२ जुलैचा. साल १८७८ की १८७९ हे निश्चित नाही, कारण वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर केली नाही. वडील नामांकित वकील, आजोबा डॉक्टर, घर सुखवस्तू आणि रीतिभातीने पोलिश वळणाचे. पुढे वडिलांना वेड लागले. उपचारांत घरची शिल्लक संपली आणि १८९६ मध्ये ते वारले. शाळकरी हेन्रिकने शिकवण्या करून घर चालवण्यास हातभार लावला. अल्पवयातच दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून पोट भरावे लागलेला हा मुलगा पुढे मुलांचाच डॉक्टर झाला, यात नवल नाही. यानुश कॉर्चाक हे नाव त्यांनी १८९८ मध्ये एका वाङ्‌मयस्पर्धेसाठी जुन्या पोलिश कादंबरीतून उचलले आणि तेच कायम झाले.

१९०५ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून ते वॉर्साच्या बेर्सोन आणि बाउमान बालरुग्णालयात निवासी डॉक्टर झाले. गरीब ज्यू मुलांना तेथे फुकट उपचार मिळत. मधल्या काळात रशिया-जपान युद्धासाठी सक्तीने भरती होऊन त्यांना मांचुरियात जावे लागले. परत आल्यावर १९१२ पर्यंत ते याच रुग्णालयात होते. लेखक म्हणून त्यांचे नाव झाले होते, त्यामुळे श्रीमंत घरांतून बोलावणी येत. तेथे ते भरपूर शुल्क घेत आणि गरिबाच्या खोलीत गेल्यावर २० कोपेक. फुकट मात्र तपासत नसत. ज्याला मोबदला नाही त्या वैद्याचा गुण येत नाही, अशी ज्यूंच्या धर्मग्रंथांतील समजूत ते पुढे करीत. एकाच सेवेची दोन गिऱ्हाइकांकडून दोन दरांनी किंमत घेणे ही अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मक्तेदाराची युक्ती म्हणून सांगितली जाते. येथे ती वरच्या मजल्यावरून तळघराकडे पैसा वाहून नेणारी पन्हळ झाली होती. १९०७-०८ मध्ये त्यांनी जवळजवळ एक वर्ष बर्लिनमध्ये घालवले आणि फिंकेलश्टाइन, बागिन्स्की अशा बालरोगतज्ज्ञांच्या रुग्णालयांत अभ्यास केला. पुढे पॅरिस आणि लंडनही पाहिले.

त्या काळच्या बालरुग्णालयाची कल्पना आज येणे कठीण आहे. मधुमेहावर इन्सुलिन नव्हते. ते १९२२ मध्ये आले. क्षयावर औषध नव्हते; स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागेपर्यंत १९४० चे दशक उजाडले. क्षय मेंदूच्या आवरणात शिरला की डॉक्टरने करण्यासारखे काही उरत नसे. म्हणजे रुग्णालयातील बऱ्याच खाटांवरची मुले आज ज्यांना आयुर्मर्यादा आणणारे आजार म्हटले जाते तशाच आजारांची होती. अशा खाटेशी डॉक्टर थोडा वेळ थांबतो. नंतर तेथे जे घडते ते परिचारिकेच्या, मोलकरणीच्या, आईच्या हाती असते. शिवाय जी मुले बरी होत ती पुन्हा त्याच ओलसर खोल्यांत, त्याच उपासमारीकडे परत जात. रुग्णालयाने कॉर्चाक यांना दोन गोष्टी दिल्या असे म्हणता येईल. ताप, वजन, झोप, भूक यांची चिकाटीने नोंद ठेवण्याची शिस्त ही एक. आणि औषधाची धाव कोठे संपते याची जाणीव ही दुसरी.

१९१२ मध्ये क्रोख्माल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी नवी इमारत उभी राहिली आणि कॉर्चाक तिचे प्रमुख झाले. ‘दोम सिएरोत’, म्हणजे अनाथांचे घर, हे तिचे नाव. शंभरावर मुले तेथे राहत. रुग्णालय सोडल्याची बोच मात्र त्यांना जन्मभर राहिली. आजारी मुलाशी आपण प्रतारणा केली, असे त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत लिहिलेल्या दैनंदिनीतही नमूद केले आहे. या घराचा खरा कारभार सांभाळला तो स्टेफानिया विल्चिन्स्का यांनी. बेल्जियममधील लिएज येथे निसर्गविज्ञान शिकून आलेली ही बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत घरात असे. पहिल्या महायुद्धात कॉर्चाक रशियन सैन्याचे डॉक्टर म्हणून चार वर्षे दूर होते, तेव्हा संस्था टिकली ती त्यांच्यामुळे. चरित्रकार कॉर्चाक यांच्यावर प्रकरणे लिहितात आणि विल्चिन्स्का यांना परिच्छेद देतात. सेवेच्या क्षेत्रात हे नेहमीचेच आहे.

युद्धाच्या त्या धामधुमीत, फिरत्या लष्करी रुग्णालयात, कॉर्चाक यांनी मुलावर प्रेम कसे करावे या विषयावरचा आपला ग्रंथ लिहिला. युद्ध संपल्यावर तो प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी मुलाचे तीन मूलभूत हक्क सांगितले. आजचा दिवस आज जगण्याचा हक्क आणि आहे तसे असण्याचा हक्क, हे त्यांतले दोन. या दोघांच्याही आधी त्यांनी जो हक्क मांडला त्याने वाचक दचकतो. तो म्हणजे मुलाचा मृत्यूचा हक्क.

याचा अर्थ अनेकांनी भलताच लावला आहे. कॉर्चाक यांचे म्हणणे असे की मूल दगावेल या भीतीने मोठी माणसे त्याला कोंडून घालतात. पडेल म्हणून धावू देत नाहीत, सर्दी होईल म्हणून खिडकी उघडत नाहीत, उद्यासाठी त्याचा आजचा दिवस जप्त करतात. आयुष्य थोडे असले तरी ते त्या मुलाचे स्वतःचे, संपूर्ण आयुष्य आहे. ते एखाद्या मोठ्या आयुष्याचा अर्धवट राहिलेला तुकडा नव्हे. मूल मोठेपणी काय होईल यावरच त्याचे मोल ठरवले, तर जे मूल मोठे होणारच नाही त्याचे मोल शून्य ठरते. अर्थशास्त्रात गुंतवणुकीची किंमत भविष्यातील मिळकतीवरून काढतात, आणि शिक्षण व आरोग्य यांवरील खर्चाचे समर्थनही आजकाल मानवी भांडवलाच्या भाषेत केले जाते. त्या हिशेबात दहा वर्षांच्या, असाध्य आजाराच्या मुलासाठी स्तंभच नाही. कॉर्चाक यांनी तो हिशेबच उलटा केला. विशेष म्हणजे हे लिहिताना त्यांना ‘डाकघर’ची संगत घ्यावी लागली नव्हती. अमलच्या बंद खिडकीपाशी ते आपल्या वाटेने आले होते.

परंतु तत्त्व लिहिणे सोपे. ते पाळणारी माणसे कोठून आणावयाची? अनाथालयात काम करणारे बहुतेक लोक दुसरीकडे काही जमले नाही म्हणून तेथे आलेले असत. १९२० च्या दशकात कॉर्चाक आणि विल्चिन्स्का यांनी यावर एक तोडगा काढला. दोम सिएरोतमध्येच त्यांनी तरुण प्रशिक्षणार्थींसाठी वसतिगृह सुरू केले. ‘बुर्सा’ या नावाने ते ओळखले जाई. अध्यापन, वैद्यक किंवा अन्य काही शिकणाऱ्या गरीब तरुणांना तेथे राहणे-जेवणे मिळे, आणि त्या बदल्यात दिवसातले काही तास त्यांनी मुलांमध्ये काम करावयाचे असे. पैशाची देवघेव नाही. संस्थेला कामाची माणसे स्वस्तात मिळाली, तरुणांना निवारा मिळाला, हा झाला व्यवहाराचा भाग.

खरे शिक्षण होते ते वह्यांचे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने दिवसभरात जे पाहिले ते लिहावयाचे: कोणते मूल जेवले नाही, कोणते रात्री उठून बसले, कोणाशी भांडले, आपल्याला राग केव्हा आला, आपले काय चुकले. या वह्या वाचल्या जात आणि त्यांत उत्तरे लिहून परत केल्या जात. आठवड्यातून एकदा सर्वांची बैठक होई. मूल चांगले की वाईट असला शेरा तेथे चालत नसे. काय दिसले ते सांगावयाचे. झोपलेल्या मुलाचा श्वास, त्याच्या खोकल्याचा आवाज, दुखणे लपवणाऱ्या मुलाचा चेहरा हे सारे वाचावयाचे. कॉर्चाक स्वतः मुलांचे केस कापत, जेवणानंतर ताटल्या गोळा करीत. ताटल्या गोळा करणाऱ्यालाच कोणती बशी फुटकी आहे आणि कोणी घास टाकला आहे हे कळते, असे त्यांचे मत होते. दर आठवड्याला ते मुलांची वजने घेत. वजन-उंचीच्या अशा नोंदी त्यांनी तीस वर्षे जमवल्या होत्या. घरातील कामे मुलांमध्ये वाटलेली असत आणि अर्ध्या तासाचे काम हे त्यांचे एकक होते. सेवेच्या कामालाही मोजमाप असावे लागते. ते नसले की सेवा कोणी किती केली हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

मुलांच्या न्यायालयाची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. मुलेच न्यायाधीश, आणि दंडसंहितेतील बहुसंख्य कलमे क्षमेची. येथे महत्त्वाचे आहे ते हे की मोठ्यांवरही तेथे फिर्याद होऊ शकत असे. सहा महिन्यांच्या काळात कॉर्चाक पाच वेळा स्वतःच त्या न्यायालयापुढे उभे राहिले. एकदा एका मुलाच्या कानशिलात दिली म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा खोटा संशय घेतला म्हणून. काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातात केवढी सत्ता असते आणि ती किती सहज बिघडते, हे प्रशिक्षणार्थींना शिकवण्याचा याहून चांगला धडा कोणता असणार?

वॉर्सामध्ये मारिया ग्झेगोझेव्स्का यांनी १९२२ साली विशेष शिक्षणाची शासकीय संस्था स्थापन केली. सामान्य शाळेत न सामावणाऱ्या मुलांचे शिक्षक तेथे तयार होत. कॉर्चाक तेथे व्याख्याने देत. त्यांतील एका तासाची आठवण त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे अनेकदा सांगितली. त्यांनी वर्गाला रुग्णालयाच्या क्ष-किरणांच्या खोलीत बोलावले आणि एका लहान मुलाचा हात धरून ते आत आले. मुलाला पडद्यामागे उभे केले, दिवे मालवले. अंधारात, इतक्या अनोळखी माणसांपुढे उभ्या असलेल्या त्या मुलाचे हृदय पडद्यावर धडधडताना सर्वांना दिसले. मूल घाबरले की, शिक्षक रागावला की त्या हृदयाचे काय होते हे लक्षात ठेवा, एवढेच सांगून त्यांनी तास संपवला. त्या मुलाला घाबरवण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, असा आक्षेप आज घेतला जाईल आणि तो रास्त आहे. परंतु तो तास कोणी विसरले नाही हेही खरे.

ऑक्सफर्ड येथे मुलांसाठीचे पहिले हॉस्पिस १९८२ साली निघाले. मुलांच्या परिहार-सेवेची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये केली, आणि ही सेवा निदानाच्या दिवसापासूनच सुरू व्हावी, औषधोपचार चालू असतानाही व्हावी असे त्यात म्हटले. आपल्याकडे मुंबईत १९८६ साली ‘शांती अवेदना सदन’ हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. या क्षेत्राच्या आजच्या शिक्षणक्रमांत काय असते? मुलाच्या वेदनेचे मोजमाप करणे. बोलता न येणाऱ्या मुलाला चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवायला सांगणे. मुलाने मृत्यूविषयी विचारले तर विषय न टाळणे. घरातल्या भावंडांकडे पाहणे. आणि स्वतःच्या थकव्याची, रागाची नोंद घेणे. बुर्साच्या वह्यांत औषधांची शास्त्रीय माहिती सोडली तर यांतील बरेच काही होते. कॉर्चाक यांनी या शास्त्राचा पाया घातला असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. त्यांचे बहुतेक प्रशिक्षणार्थी धडधाकट अनाथांमध्ये काम करीत होते, आणि मॉर्फीनचा वापर शिकवणारी शाळा त्यांनी काढली नव्हती.

त्यांच्या कामातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चौदा वर्षे पुरी झाली की मुलाला घर सोडावे लागे, आणि हाती कोणताही धंदा नसताना बाहेरच्या जगात फेकले गेल्याची तक्रार अनेक माजी विद्यार्थ्यांनी केली. जगाच्या बाजारात मंदी असताना ही तक्रार हलकी नव्हती. १९३० च्या दशकात पोलंडमध्ये ज्यूद्वेष वाढला. ‘म्हातारे डॉक्टर’ या नावाने कॉर्चाक आकाशवाणीवर बोलत आणि श्रोते त्यांची वाट पाहत. त्यांचे खरे नाव उघड न करता चाललेला तो कार्यक्रमही १९३६ मध्ये बंद पडला. पोलिश मुलांसाठीच्या ज्या दुसऱ्या अनाथालयाचे ते मारिया फाल्स्का यांच्यासह मार्गदर्शक होते, तेथूनही याच सुमारास ते दूर झाले.

१९४० च्या नोव्हेंबरात दोम सिएरोतला घेट्टोमध्ये हलावे लागले. मुलांच्या बटाट्यांची गाडी पहाऱ्यावर अडवली गेली, तिची दाद मागण्यास कॉर्चाक गेले आणि दंडावर पट्टी नाही म्हणून तुरुंगात पडले. महिनाभराने ते सुटले तेव्हा प्रकृती खालावलेली होती. तरी रोज सकाळी ते दारोदार फिरून दोनशे मुलांसाठी धान्य, पैसे मिळवीत. दर शनिवारी सकाळी वजने घेण्याचा क्रम त्यांनी घेट्टोतही मोडला नाही. काट्यावरचे आकडे उतरत होते हे त्यांना दिसत होते. तरी आकडे लिहिणे त्यांनी सोडले नाही.

१९४२ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक अर्ज केला. जेल्ना रस्त्यावर सुमारे हजार मुलांचे एक सार्वजनिक आश्रयस्थान होते. तेथील मुले पटापट मरत होती. नोकरवर्ग मुलांच्या तोंडचे अन्न चोरत होता. तेथे आपल्याला नेमावे अशी त्यांची मागणी होती. साठी ओलांडलेल्या, आजारी माणसाने आपली पात्रता आणि आपले दोष दोन्ही नमूद करून, नोकरी मागणाऱ्या उमेदवारासारखा केलेला तो अर्ज होता. काम मिळाले. आणि मग तेथे त्यांना जे आढळले ते ग्रेशॅमच्या नियमाची आठवण करून देणारे होते. जे कर्मचारी प्रामाणिक होते, मुलांना स्वतः धूत, उचलून नेत, त्यांना टायफस होऊन ते मरत. जे हात राखून होते ते शाबूत राहत आणि चोरी चालू ठेवत. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून घालवीत होते. केवळ चांगली माणसे शोधून भागत नाही. चांगल्याला टिकता येईल अशी व्यवस्था लागते, हे त्यांना येथे फार मोठी किंमत मोजून कळले.

याच सुमारास त्यांनी आणखी एक सूचना केली होती. रस्त्यावर पडलेली जी मुले आता वाचणार नाहीत, त्यांच्यासाठी निदान एक जागा द्यावी. मोठी इमारत नको, खाटा नकोत, फार खर्चही नको. एखादे रिकामे दुकान चालेल, त्याच्या फळ्यांवरही मुलांना निजवता येईल. त्यांना वाचवण्यासाठी ही मागणी नव्हतीच. पायदळी न येता, कोणीतरी जवळ असताना त्यांना मरता यावे, एवढेच तिचे प्रयोजन होते. दुष्काळात धान्य कोणाला द्यावे हा प्रश्न कठोर असतो आणि जगू शकेल त्याला आधी, हे त्याचे उत्तर कोणी चुकीचे म्हणणार नाही. परंतु धान्य न देताही काही देणे शिल्लक राहते, हे दाखवणारी ती सूचना होती. या काळात त्यांचे मन किती ओढाताणीत होते हेही लपवण्याचे कारण नाही. यातना भोगणाऱ्या अर्भकांना मरण देऊन सोडवावे काय, हा विचारही त्यांच्या दैनंदिनीत डोकावून जातो. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी ‘डाकघर’ बसवले.

प्रयोगानंतर चौथ्या दिवशी, २२ जुलैला, म्हणजे नेमक्या कॉर्चाक यांच्या वाढदिवशी, घेट्टोतून माणसांची रवानगी सुरू झाली. मुलांना वगळण्याची विनंती फुकट जात आहे हे पाहून ज्यू मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्नियाकुव यांनी दुसऱ्या दिवशी विष घेतले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, बहुधा ५ तारखेला, अनाथालयाची पाळी आली. सुमारे दोनशे मुले रांगेत निघाली. कॉर्चाक, विल्चिन्स्का आणि इतर कर्मचारी त्यांच्याबरोबर होते. घेट्टोबाहेर लपण्याची सोय करण्याची तयारी मित्रांनी पूर्वीच दाखवली होती. ती त्यांनी नाकारली होती. विल्चिन्स्का तर १९३९ मध्ये पॅलेस्टाइनहून मुलांसाठीच परत आल्या होत्या. त्या दिवशी चालत गेलेल्या इतर कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला सांगता येत नाहीत.

बुर्सात तयार झालेला एक तरुण त्या सकाळी घेट्टोबाहेर कामावर होता, म्हणून वाचला. परतल्यावर त्याला रिकामी खोली दिसली. कॉर्चाक यांची दैनंदिनी तेथून निघून त्यांचे जुने चिटणीस इगोर नेवेर्ली यांच्याकडे पोहोचली, आणि बिएलानी येथील अनाथालयाच्या भिंतीत चिणून ठेवल्यामुळे युद्धातून वाचली. १९५८ मध्ये ती छापली गेली. १९७८ साली पोलंडने राष्ट्रसंघापुढे बालहक्कांच्या कराराचा प्रस्ताव ठेवला, त्यामागे त्यांच्या लेखनाची प्रेरणा होती असे मानले जाते. करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी संमत झाला आणि भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. त्यात जगण्याचा हक्क आहे, विकासाचा आहे. कॉर्चाक यांनी सर्वांत आधी मांडलेला हक्क त्यात नाही.

दैनंदिनीतील शेवटची नोंद ऑगस्टच्या ४ तारखेची आहे. डॉक्टर खिडकीतल्या रोपांना पाणी घालीत आहेत. खाली एक जर्मन सैनिक बंदूक घेऊन उभा आहे आणि वर पाहत आहे. खिडकीतले टक्कल हे नेमबाजीला किती सोयीचे, हे डॉक्टरांच्या मनात येते. तो गोळी का झाडीत नाही याचेही त्यांना कुतूहल वाटते. मग ते त्या माणसाचाच विचार करू लागतात. युद्धापूर्वी तो काय करीत असेल? खेड्यातला शिक्षक असेल काय, की दस्तऐवज करणारा कोणी, की रस्ता झाडणारा?